आमच्या घरातल्या शाली

आमच्या घरात पैसा कधी टिकला नाही, पण शालींचा मात्र सुकाळ होता. माझे वडील, अण्णा, इथल्याच एका मराठी दैनिकात गुन्हेगारीच्या बातम्या द्यायचे, आणि अशा माणसाचा सत्कार करायची आमच्या गावाला भारी हौस. गणेश मंडळं, व्यापारी संघ, वकिलांची स्नेहसंमेलनं, कुठूनही बोलावणं यायचं आणि अण्णा शाल-नारळ घेऊन घरी यायचे. लहानपणी मला वाटायचं, चांगल्या बातम्यांबद्दल देत असतील. ज्याच्या लेखणीची धास्ती वाटते त्याच्या खांद्यावर वेळीच काहीतरी टाकून ठेवलेलं बरं, हा हिशोब मला फार उशिरा कळला. नारळाच्या आई दुसऱ्याच दिवशी वड्या करायची. शालींच्या बाबतीत तिचा एक नेम होता. मानाची शाल घरच्यांनी पांघरायची नाही. "मान एकदाच घ्यायचा असतो, त्यात रोज झोपायचं नसतं," असं ती म्हणायची. मग थंडीच्या दिवसांत आमच्या दारातून जो कुणी अपुऱ्या कपड्यांनी बाहेर पडायचा, त्याच्या खांद्यावर ती शाल जायची. दूधवाल्याची म्हातारी, बोहारीण, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, सगळ्यांना मिळून गेल्या. हिवाळ्यात सकाळी कॉलेजला निघाले की गल्लीभर आमच्या घरच्या शाली फिरताना दिसायच्या, आणि मला उगाच श्रीमंत असल्यासारखं वाटायचं.

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत, एका कापड दुकानाच्या वर आम्ही भाड्यानं राहायचो. खाली दिवसभर थान उलगडल्याचा धप धप आवाज, समोर शिंप्यांची मशीनं, आणि दुपारी सगळं जरा थंडावलं की लांबून नमाजाची बांग. या सगळ्या आवाजांतून आईचा कान मात्र एकाच आवाजाकडे असायचा, अण्णांच्या स्कूटरकडे. ती स्कूटर बोळात शिरताना खोकल्यासारखी अडखळायची. तो खोकला ऐकल्याशिवाय आई तवा चुलीवर ठेवत नसे. भाकरी गरम हवी म्हणून, असं मला आणि माझ्या भावाला सांगायची. खरं कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. घरात फोन होता, कचेरीनं दिलेला. तो वाजायचा, उचलला की पलीकडून कुणीतरी नुसता श्वास घ्यायचा, आणि ठेवून द्यायचा. आई एकदा त्या श्वासाला म्हणाली, "दमा झालाय का रे बाळा? काढा घे." त्यानंतर बरेच दिवस फोन आला नाही. इतर मुलींच्या घरी बाप उशिरा आला की भांडणं व्हायची. आमच्या घरी बाप वेळेवर आला की सण व्हायचा. येसर आमटी, शेंगदाण्याची चटणी, गरम भाकरी, आणि सगळ्यांची एकदम सुटलेली जीभ.

अण्णा त्या कामाला शोभत नव्हते. आजोबा पूजा सांगायचे, काका कचेरीत कारकून, आणि हा माणूस सकाळी अंघोळ-संध्या उरकून पोलीस ठाण्यात चहा प्यायला, तिथून घाटीच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या, शवागाराकडे, तिथून कोर्टात. आवाज कधी चढायचा नाही. गुंडसुद्धा त्यांना गुरुजी म्हणायचे. त्यांची कामाची एक रीत होती. ज्याच्याकडून माहिती घ्यायची, त्याच्यासमोर कागद काढायचा नाही. "कागद दिसला की माणूस मिटतो," असं ते म्हणायचे. त्याऐवजी ते त्याला जेवायला बसवायचे. कोर्टातले पट्टेवाले, ट्रकवरचे क्लीनर, एकदा तर नुकताच जामिनावर सुटलेला एक मारेकरी आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून भरीत-भाकरी खाऊन गेला. जाताना आईच्या पाया पडला. छायाचित्रकार मुश्ताकचाचा त्यांचे जोडीदार. छावणीतल्या एका हॉटेलात दोघं मिळून मटणाचा नान-खलिया खायचे. आईला हे माहीत नाही, अशी अण्णांची समजूत होती. आई फक्त एवढंच म्हणायची, "वेलदोडा तरी खाऊन येत जा हो, मसाल्याचा वास जिन्यापर्यंत येतो."

त्या काळात शहराभोवतीची जमीन सोन्याच्या भावानं विकली जात होती. कारखान्यांत कामाला आलेली खेड्यापाड्यांतली माणसं गावाकडचा तुकडा विकून इथं प्लॉट घ्यायची. एकच प्लॉट तिघांना विकला जायचा, आणि एका सकाळी त्यावर पत्र्याचं शेड उभं राहिलेलं असायचं. शेडसमोर खाटेवर दोन धिप्पाड पोरं. जो भांडायला गेला त्याचा हात मोडायचा, जो पोलिसांत गेला त्याचा पाय. या धंद्याच्या मुळाशी कोण आहे हे शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. त्याची मुलं आज मोठ्या पदांवर आहेत आणि त्यांच्याकडे वकील आहेत, माझ्याकडे पेन्शन आहे. गाव त्याला दादा म्हणायचं, मीही तेच म्हणते. कुणाला दादा म्हणायचं हे आमच्या गावाला कधीच कळलं नाही.

कौसाबाई आमच्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा दाराशीच बसली. आत ये म्हटलं तरी येईना. कन्नड तालुक्यातल्या पिशोरची. नवरा नामदेव कारखान्यात कामाला. दोघांनी मिळून प्लॉट घेतला, वर शेड पडलं, नामदेव भांडला. एका संध्याकाळी दादा स्वतः जीप घेऊन आला, नामदेवच्या खांद्यावर हात टाकून "चल, मिटवून टाकू" म्हणाला आणि त्याला घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी नामदेव बायपासवर ट्रकखाली सापडला. पोलिसांनी अपघात लिहिला. जीपमध्ये दादा होता हे पाहिलेलं माणूस एकच, कौसाबाई. तान्ही पोर घेऊन ती सासूकडे पिशोरला परत गेली होती, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून अण्णांना शोधत आली होती. अण्णांनी रीतीप्रमाणे कागद काढला नाही. आईनं ताट वाढलं. कौसाबाई जेवली नाही, पण भाकरीचा तुकडा हातात धरून सगळं बोलली.

पुढचे कित्येक महिने अण्णा तेवढंच लिहीत होते. बातमीमागून बातमी. कचेरीत दम यायचे, संपादक कुरकुरायचे, पण अण्णांनी सोडलं नाही. अखेर अपघाताचा खून झाला, दादा पहिल्यांदा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला, मग जामिनावर सुटला, आणि कौसाबाईच्या साक्षीची तारीख लागली. या सगळ्या काळात ती आमच्या घरातलीच झाली होती. येताना अद्रक आणायची, पिशोरकडचं, मातीचा वास असलेलं. आईबरोबर भाकऱ्या थापायची, आणि आईच्या भाकरीला हसायची. "वयनी, तुमची भाकर लई बामनी हाये. पातळ. ह्या भाकरीनं मानूस नांगर वढंल का?" आईही हसायची. त्या घरात मी आईला इतकं हसताना पुन्हा पाहिलं नाही. कौसाबाईला दादाची भीती वाटायचीच. दीर आणि सासू रोज तिच्या मागं लागायचे, गप बस म्हणून. दर वेळी निघताना ती दारात थांबून अण्णांना तेच विचारायची, "भाऊ, तुमी हाव ना?" आणि अण्णा म्हणायचे, "मी आहे."

साक्ष बुधवारी होती. सरकारी वकिलांनी तिला शनिवारी बोलावून घेतलं, म्हणून ती रात्री आमच्याकडे राहिली. रविवारी संध्याकाळच्या बसनं ती पिशोरला जाणार होती, पोर सासूपाशी होती. त्याच रविवारी दुपारी अण्णांच्या जुन्या शाळेत कार्यक्रम होता. त्यांचे जुने शिक्षक, देवगावकर सर, पंचाहत्तर वर्षांचे झाले होते. सरांचा सत्कार आणि त्यांच्या हस्ते काही माजी विद्यार्थ्यांचा. आजोबा गेल्यावर याच सरांनी अण्णांची फी भरली होती. अण्णा सत्काराला कंटाळले होते, पण सरांसाठी निघाले, आणि मला मागे बसवून घेऊन गेले. पत्रिकेवर सरांचं नाव होतं, मुख्याध्यापकांचं होतं. दादाचं नव्हतं.

मांडव मात्र शाळेच्या ऐपतीपेक्षा मोठा होता. खुर्च्यांना पांढरी आवरणं, बाहेर जीपा. कार्यक्रम सुरू झाल्यावर सूत्रसंचालकानं जाहीर केलं, "ज्यांच्या औदार्यामुळे आजचा हा सोहळा शक्य झाला," आणि दादा मंचावर येऊन सरांच्या शेजारच्या खुर्चीत बसला. पांढरा शर्ट, कपाळाला बुक्का. टाळ्या झाल्या. कोर्टात ज्याच्या खटल्याची तारीख तोंडावर आली होती, त्याला माझ्या वडिलांच्या शाळेनं टाळ्या वाजवल्या. वाजवणाऱ्यांत माझ्या वर्गातल्या मुलींचे आईबाप होते, आमचे डॉक्टर होते. अण्णांचा चेहरा मी बाजूनं पाहिला. ते उठून जातील असं मला वाटलं. तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं गेलं, आणि ते उठले ते मंचाकडे.

पुढचं सगळं एका क्षणात झालं, आणि मी ते आयुष्यभर पाहत आलेय. सर खुर्चीतच बसले होते, गुडघ्यांमुळे त्यांना उठवेना. अण्णा त्यांच्या पायाशी वाकले. ते वाकलेले असतानाच दादा उठला, तबकातली शाल उचलली आणि "सरांच्या वतीनं" म्हणत अण्णांच्या पाठीवर पसरली. मरून रंगाची, रुंद जरीच्या काठाची, काठावर मोठाल्या कोयऱ्या. चांगली महागातली होती. समोरून मुश्ताकचाचांचा फ्लॅश चमकला. दादानं वाकून अण्णांच्या कानात काहीतरी म्हटलं. अण्णा सरळ झाले, समोर कोण आहे ते पाहिलं, आणि त्यांनी हात जोडले.

हात जोडले. सवयीनं. माझ्या वडिलांच्या सगळ्या शौर्यावर त्यांच्या चालीरीतींनी पाणी फिरवलं, असं मी म्हणते तेव्हा माझा भाऊ चिडतो. पण मी तिथं होते. ती शाल खांद्यावरून खाली सोडायला काय लागत होतं? नुसते खांदे झटकायचे होते. पण समोर सर होते, भरला मांडव होता, आणि समोरून आलेला मान पायदळी तुडवायचा नाही हे त्यांना सर्वांआधी शिकवलेलं होतं, बहुतेक सरांनीच. दादाला हे बरोबर माहीत होतं. गोळी घालायची असती तर केव्हाच घातली असती. आमच्यासारख्यांना मारायला शाल पुरते हे ओळखण्याइतका तो हुशार होता.

आम्ही घरी निघालो. मी विचारलं, "तो कानात काय म्हणाला?" तेव्हा स्कूटर चालवता चालवताच म्हणाले, "म्हणाला, गुरुजी, थंडी लई हाये, लेकराबाळांना जपा." वर आलो तर कौसाबाई पिशवी भरून तयार होती. आईनं तिला बसमध्ये खायला धपाटे बांधून दिले होते. डिसेंबरातली संध्याकाळ, आणि तिच्या अंगावर विरलेलं लुगडं. अण्णांनी शाल आणि नारळ असलेली पिशवी कोनाड्यात ठेवली आणि ते हात धुवायला गेले. आईनं रीतीप्रमाणे पिशवी उघडली, शाल झटकली आणि कौसाबाईच्या खांद्यावर टाकली. "आगं माय, लई भारी हाये ही! मला कशाला वयनी, राहू द्या तुमाला," कौसाबाई काठावरून हात फिरवत म्हणाली. आई म्हणाली, "आमच्या घरात ह्या पांघरत नाहीत. बुधवारी कोर्टात हीच घालून ये. ऐटीत ये."

अण्णा टॉवेलला हात पुसत दारात उभे होते. त्यांनी पाहिलं. त्यांनी पाहिलं हे मी पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं. "अगं, ती..." एवढंच म्हणाले.

"ती काय?" आईनं विचारलं.

कौसाबाई हसऱ्या तोंडानं त्यांच्याकडे बघत होती, शाल दोन्ही हातांनी गळ्याशी धरून. दिलेली वस्तू पाहुणीच्या अंगावरून काढून घ्यायची, आणि ती का काढली ते तिला सांगायचं, यासाठी त्यांची जीभ उचलली नाही.

"काही नाही," अण्णा म्हणाले. "बस चुकेल."

दारात थांबून तिनं नेहमीचं विचारलं, "भाऊ, तुमी हाव ना?" अण्णांनी मान हलवली.

सोमवारी सकाळी पेपर आला. आमचाच पेपर, ज्यात अण्णांनी महिनोन् महिने त्या माणसाविरुद्ध लिहिलं होतं. आतल्या पानावर फोटो होता. त्यात दादा ताठ उभा, हातात शालीचं टोक, आणि त्याच्या पुढ्यात कमरेत वाकलेले अण्णा. सर नव्हते. सरांची खुर्चीच नव्हती. अण्णांनी कचेरीत फोन लावला. रात्रपाळीच्या उपसंपादकानं सांगितलं, ऐन वेळी शुभेच्छांची मोठी जाहिरात आली, फोटोला दोनच कॉलम उरले, म्हणून बाजूची खुर्ची कापली. जाहिरात कुणाची होती ते त्याच पानावर छापलेलं होतं. मुश्ताकचाचा धावत आले, जिन्यातच त्यांना रडू फुटलं. "अण्णासाब, मैं तो पूरा फोटो दिया था. खुदा कसम, सर भी थे उसमें. मेरेकू क्या मालूम ये लोगां कैंची चलाते बोलके." अण्णा त्यांनाच पाणी देत बसले.

आई पेपर घेऊन खिडकीपाशी गेली होती. काळ्या-पांढऱ्या फोटोतही तो काठ आणि त्या कोयऱ्या ओळखू येत होत्या. ती पाठमोरीच उभी होती, आणि तिनं विचारलं तेव्हा तिचा आवाज मला ओळखू आला नाही. "अहो, ही शाल त्यानं दिलेली होती?"

अण्णांनी मुश्ताकचाचांच्या हातातला रिकामा पेला घेतला.

"आणि मी ती तिच्या अंगावर घातली. तुमच्या डोळ्यांदेखत. तुम्ही बोलला का नाहीत?"

"तिला काय वाटलं असतं," अण्णा म्हणाले.

"आता काय वाटेल?" आईनं विचारलं. मग म्हणाली, "आत्ताच्या आत्ता पिशोरला जा. सांगा तिला."

अण्णा गेले नाहीत. साक्षीच्या आधी पत्रकार साक्षीदाराला तिच्या घरी जाऊन भेटला, तर बचावाचा वकील साक्षीदाराला पढवलं म्हणेल, खटला पडेल. नियमाप्रमाणे हे बरोबर होतं. अण्णांचं सगळंच नेहमी नियमाप्रमाणे बरोबर असायचं. आईनं त्या दिवशी नारळ फोडला नाही. तो कोनाड्यात तसाच राहिला.

बुधवारी आईनं मला डबा देऊन कोर्टात पाठवलं, कौसाबाई उपाशी आलेली असेल म्हणून. ती आली. पुढं दीर, मागं ती. अंगावर शाल नव्हती. अण्णा फाटकाजवळ उभे होते, ते दोन पावलं पुढे झाले. दिरानं तिला बाजूला घेतलं, पण तिनं स्वतःच मान वळवून अण्णांकडे नीट बघितलं. रागानं नाही. बाजारात एखादी वस्तू खोटी निघाली की बाई तिच्याकडे जशी बघते, तशी. साक्षीला फार वेळ लागला नाही. सरकारी वकिलांनी विचारलं, जीपमध्ये कोण होतं? "मला काय दिसलं नाय. अंधार व्हता." आधी तुम्ही सांगितलं होतं की... "मी अडाणी बाई, काय बोलले मला याद नाय." कोर्टानं साक्षीदार फितूर झाल्याचं नोंदवलं. फितूर! तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा माणसाच्या अंगाला चिकटताना पाहिला, आणि नको त्या अंगाला चिकटताना पाहिला. डबा माझ्या हातात तसाच होता. दादा बाहेर आला, त्याच्या गळ्यात हार पडले, आणि जाता जाता तो अण्णांना म्हणाला, "येतो गुरुजी."

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी अण्णांनी मुश्ताकचाचांकडून तो अख्खा फोटो मोठा करून घेतला, ज्यात सर होते, सरांचे पाय होते, सगळं होतं. तो फोटो घेऊन ते पिशोरला निघाले. आईनं मला त्यांच्याबरोबर पाठवलं. ती अण्णांशी अजून नीट बोलत नव्हती. बसमध्ये अण्णांनी फोटो दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, एखाद्या निर्दोष सुटलेल्या माणसानं निकालाची प्रत धरावी तसा.

कौसाबाई ओट्यावर अद्रकाची माती काढत बसली होती. शेजारी पोर खेळत होती. आम्हाला पाहून ती उठली, बाज झटकून दिली, पाणी आणलं. मग चहा, भरपूर अद्रक घातलेला. दुष्मनाच्या घरचं माणूस आलं तरी पाणी-चहा चुकायचा नाही, ती रीत तिच्याकडेही होती. अण्णांनी फोटो तिच्यापुढे धरला. "हे बघा कौसाबाई, हे आमचे सर. मी यांच्या पाया पडत होतो. पेपरात हे कापलं."

तिनं मातीचे हात लुगड्याला पुसले आणि फोटो बराच वेळ बघितला. "व्हय. मास्तर दिसत्यात," ती म्हणाली. "तुमी मास्तरच्याच पाया पडला. माझा इस्वास हाये भाऊ."

अण्णांनी सुटकेचा श्वास सोडला. मला तो ऐकू आला.

"पर मी त्या राती ती शाल पांघरून निजले," कौसाबाई म्हणाली. "पोरीला बी पांघरली. लई ऊब व्हती तिला. सकाळी दिरानं पेपर आनला. मला वाचता येत नाय, पर काठ वळखू आला." तिनं फोटो अण्णांना परत दिला. "तुमच्या म्होरं मी ती अंगावर घेतली, भाऊ. तुमी बघत व्हता. एक डाव म्हनायचं, कौसा, काढ ती, त्या मुडद्याची हाये. मी तिथंच जाळली असती. तुमी का नाय बोलले?"

अण्णा म्हणाले, "मला... तुमच्या अंगावरून काढून घ्यायला... बरं दिसलं नसतं."

"तेच," कौसाबाई म्हणाली. "माझ्या अंगावरची शाल काढून घ्यायला लाजनारा मानूस मला कोर्टात काय सांभाळनार? त्याच्यापुढं तुमी बरं दिसत ऱ्हायले असते, अन् मी मेले असते."

ती आत गेली आणि शाल घेऊन आली. धुऊन, नीट घडी घालून ठेवली होती. तिनं ती अण्णांच्या मांडीवर ठेवली, त्यावर आईसाठी अद्रकाचं पुडकं ठेवलं. "वयनीला सांगा, त्येंच्यावर माझा राग नाय." बसपर्यंत पोचवायला ती आली नाही.

अण्णांनी त्यानंतर स्वतःच गुन्हेगारीचं काम सोडलं. संपादकांनी आनंदानं त्यांना शहरवार्तेवर घेतलं, आणि निवृत्त होईपर्यंत माझ्या वडिलांनी सत्कार समारंभांच्या बातम्या लिहिल्या. कुणाच्या हस्ते कुणाचा, शाल व श्रीफळ देऊन. एकही नाव चुकलं नाही. स्कूटर वेळेवर बोळात शिरू लागली, आईचा तवा वेळेवर तापू लागला, आणि जेवताना कुणी बोलेनासं झालं. लोक मला सांगतात, वडील किती सज्जन होते. होते. मला त्या सज्जनपणाचा राग आहे, आणि त्यांची आठवण अजून सुटत नाही तीही त्याच सज्जनपणामुळे. या दोन्हीचं काय करायचं हे मला या वयातही कळलेलं नाही.

गेल्या वर्षी दादा वारला. पिकल्या पानासारखा, स्वतःच्या पलंगावर, नातवंडांच्या गराड्यात. चौकाचौकांत श्रद्धांजलीचे फलक लागले. अण्णांच्या जुन्या दैनिकानं त्याच्यावर अख्खं पान काढलं. त्यात जुना फोटो म्हणून तोच होता. या वेळी जागा आणखी कमी पडली असावी, कारण दादा पूर्ण होता, हसतमुख, आणि त्याच्या हाताखाली फक्त एक वाकलेली पाठ, शालीसकट. डोकं कापलेलं. खाली लिहिलं होतं, 'गुणवंतांचा सदैव सन्मान करणारे नेतृत्व.' पाठ कुणाची ते लिहिलं नव्हतं.

आई गेल्यावर तिची पेटी माझ्याकडे आली. त्यात ती शाल होती, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली, जरीचा काठ अजून काळा पडलेला नाही. आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई परवा थंडीनं कुडकुडत दारात उभी होती. मी पेटी उघडली, शालीवर हात ठेवला, आणि झाकण लावून टाकलं. तिला माझा स्वेटर दिला.

आईनं वाटल्या तेवढ्या शाली कुणाकुणाच्या अंगावर विरून गेल्या. ही एकच आमच्या घरात राहिली.